प्रोस्टेटचा कर्करोग आणि सेरोटोनिनचे ग्राही : ऐकीव माहिती आणि पुरावा

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी एखाद्या लेणीविषयी किंवा सत्याग्रहाविषयी लिहावे अशीच त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र वैद्यकशास्त्रातील एक विषय घेतला आहे. त्याला कारण गेल्या वर्षावासात घडलेला एक प्रसंग आहे.

विहारातील ग्रंथवाचन संपले होते. त्या सायंकाळी कालाम सुत्तावर चर्चा झाली. केसपुत्त नगरातील कालामांना तथागतांनी जे सांगितले त्याचा सारांश असा, की परंपरेने चालत आले म्हणून, पुष्कळ लोक सांगतात म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः पारखावी, तिचा परिणाम कुशल होतो की अकुशल हे पाहावे आणि मगच स्वीकारावी. सभा पांगल्यावर आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मागे थांबला. त्याचे वडील पंचाहत्तरीच्या घरातले. त्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असून तो हाडांपर्यंत पोहोचलेला आहे. दर तीन महिन्यांनी त्यांना एक इंजेक्शन घ्यावे लागते. विद्यार्थ्याने मोबाईलवर आलेला एक संदेश दाखवला. कर्करोगाच्या पेशी सेरोटोनिनवर वाढतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, म्हणून सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची स्वस्त गोळी घेतली की महागड्या इंजेक्शनची गरज उरत नाही, असे त्यात लिहिले होते.

"सर, वडिलांनी गेल्या खेपेचे इंजेक्शन घेतलेच नाही," तो म्हणाला. "आत्ता आपण जे वाचले, त्याप्रमाणे हे कसे पारखायचे तेवढे सांगा."

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. उद्याच वडिलांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, एवढेच मी सांगितले. त्यानंतर काही महिने मिळेल ते वाचले आणि आपल्याच वसतिगृहात वाढून आज डॉक्टर झालेल्या एका माजी विद्यार्थिनीकडून समजून घेतले. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे. तो संदेश निव्वळ थाप नव्हता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. त्यात अर्धे सत्य होते, आणि म्हणूनच तो अधिक घातक होता.

प्रोस्टेट ग्रंथी आणि १९४१ सालचा शोध

प्रोस्टेट ही केवळ पुरुषांच्या शरीरात असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. मराठी परिभाषेत तिला अष्ठीला ग्रंथी म्हणतात. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून ती असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करते. वय वाढते तशी बहुतेक पुरुषांत ही ग्रंथी आकाराने वाढते. मग लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु लक्षणे सारखी दिसत असल्यामुळे तपासणीवाचून दोहोंतील भेद कळत नाही. कर्करोगात ग्रंथीच्या पेशी शरीराचे नियंत्रण झुगारून वाढू लागतात आणि पुढे लसिकाग्रंथींत व हाडांत, विशेषतः पाठीच्या कण्यात आणि कंबरेच्या हाडांत, जाऊन ठाण मांडतात. पुष्कळ वृद्धांत हा रोग अतिशय मंद गतीने चालतो. काहींत मात्र तो आक्रमक असतो.

या रोगाच्या उपचाराचा पाया शिकागो विद्यापीठात घातला गेला. चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले, की वृषणे काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिले, तर पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाची वाढ मंदावते. वृषणांत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक या पेशींना वाढीची आज्ञा देत होते. ती आज्ञा थांबताच पेशी आक्रसू लागल्या. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेही १९४१ सालीच. कर्करोगाकडे दैवगती म्हणून न पाहता कार्यकारणाने उलगडणारा रोग म्हणून पाहण्याचा तो काळ होता.

पुढे शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून इंजेक्शने आली. मेंदूकडून वृषणांपर्यंत आज्ञांची एक साखळी जाते. ही इंजेक्शने ती साखळी वरच्या टोकालाच थांबवतात आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसे होते. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना दिले जाणारे इंजेक्शन याच प्रकारचे आहे. ते रोग समूळ नष्ट करीत नाही, परंतु त्याला महिनोन्महिने, अनेकदा कित्येक वर्षे, आवरून धरते.

अडचण उभी राहते ती नंतर. काही काळाने पुष्कळ रुग्णांत कर्करोग टेस्टोस्टेरॉनच्या अभावातही वाढू लागतो. एक आज्ञा बंद झाली तर या पेशी दुसऱ्या कोणाच्या आज्ञेवर चालतात, हा प्रश्न संशोधकांपुढे आला. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर सेरोटोनिनकडे जाते.

सेरोटोनिन : आतड्यातून मेंदूपर्यंत

सेरोटोनिन हे नाव आपल्याकडे बहुधा मनःस्थितीच्या संदर्भात ऐकू येते. त्याचा शोध मात्र मेंदूत लागलेला नाही. इटलीतील व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशींत स्नायूंना आकुंचित करणारा एक पदार्थ आढळला. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी १९४८ साली रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ वेगळा केला. सीरममध्ये सापडला आणि रक्तवाहिन्यांचा ताण वाढवतो, म्हणून त्याचे नाव सेरोटोनिन. हे दोन्ही पदार्थ एकच आहेत हे १९५२ साली स्पष्ट झाले. त्यानंतर १९५३ मध्ये बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने पेज यांच्यासमवेत हाच पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचे दाखवले.

आहारातील प्रथिनांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अ‍ॅमिनो आम्लापासून शरीर सेरोटोनिन बनवते. शरीरातील सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. रक्तात ते प्लेटलेट्समध्ये साठवले जाते आणि जखम झाली की रक्त गोठण्यास साहाय्य करते. मेंदूतील सेरोटोनिनचा वाटा लहान आहे, पण झोप, भूक, भावना यांच्याशी तो निगडित आहे. सेरोटोनिन हा अशा रीतीने शरीरातील अनेक खात्यांत फिरणारा निरोप्या आहे. निरोप एकच असतो. तो कोणत्या दारी पोहोचला यावर त्याचा अर्थ ठरतो.

ग्राही म्हणजे काय?

हे दार म्हणजेच ग्राही, इंग्रजीतील रिसेप्टर. पेशीच्या बाह्य पटलात बसवलेला हा प्रथिनाचा रेणू असतो. कुलपात विशिष्ट किल्लीच बसावी तसा ग्राहीत विशिष्ट रेणूच बसतो. ज्या पेशीवर ग्राही नाही, तिला निरोप ऐकूच येत नाही.

सेरोटोनिनचे रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन. त्यावरून त्याच्या ग्राहींना ५-एचटी असे संक्षिप्त नाव आहे. त्यांची सात कुले असून सुमारे चौदा प्रकार ओळखले गेले आहेत. तिसऱ्या कुलातील ग्राही हे खरोखरच एक दार आहे : किल्ली फिरताच ते उघडते आणि विद्युतभारित कण पेशीत शिरतात. उरलेल्या सहा कुलांत दार उघडत नाही. बाहेर किल्ली फिरली की आत दुसऱ्या रेणूंना खबर जाते, ते पुढच्यांना सांगतात आणि अखेर पेशीचे वर्तन बदलते. प्रस्तुत विषयात पहिले आणि तिसरे कूळ विशेष महत्त्वाचे आहे. पहिल्याचा संबंध कर्करोगाच्या वाढीशी जोडला गेला आहे, तर तिसऱ्याचा उपयोग रुग्णाला दिलासा देण्यासाठी आजही प्रत्यक्ष होतो.

औषधांची कामेही येथेच वेगळी होतात. काही औषधे खऱ्या किल्लीसारखी ग्राहीला चालना देतात. काही औषधे कुलपात अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला शिरू देत नाहीत. नैराश्यासाठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांचे मुख्य काम या दोहोंहून निराळे आहे. त्या चेतापेशींना सेरोटोनिन परत शोषून घेऊ देत नाहीत. त्यामुळे दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन अधिक काळ टिकते. आता त्या संदेशाचा युक्तिवाद पुन्हा पाहा. कर्करोग सेरोटोनिनवर वाढतो असे म्हणायचे आणि त्यावर उपाय म्हणून सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणारी गोळी सुचवायची, ही विसंगती संदेश पुढे पाठवणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आली नव्हती.

प्रोस्टेटमध्ये सेरोटोनिन येते कोठून?

प्रोस्टेट ग्रंथीत बहुसंख्य पेशी स्राव तयार करणाऱ्या असतात. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या अशा अगदी थोड्या चेता-अंतःस्रावी पेशी आढळतात. चेतापेशी आणि ग्रंथिपेशी या दोहोंचे गुण त्यांच्यात असतात. त्या सेरोटोनिन व इतर काही रेणू बाहेर सोडतात आणि शेजारच्या पेशींना निरोप देतात. विशेष म्हणजे या पेशींत सामान्यतः टेस्टोस्टेरॉनचा ग्राही नसतो. म्हणून टेस्टोस्टेरॉन बंद केल्याने त्यांचे फारसे काही बिघडत नाही.

संप्रेरक दाबणारा उपचार दीर्घकाळ चालल्यानंतर काही रुग्णांच्या ट्यूमरमध्ये या गुणधर्माच्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते. प्रयोगशाळेतही टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा तोडल्यावर काही कर्करोगपेशी असे रूप घेऊ लागतात. मुख्य आज्ञा बंद झाली असता या पेशींनी सोडलेले सेरोटोनिन शेजारच्या कर्करोगपेशींना जगण्याचा पर्यायी निरोप देत असावे, असा तर्क त्यातून पुढे आला. तर्क सयुक्तिक होता. तो पारखणे आवश्यक होते.

प्रयोगशाळेने काय पाहिले?

रुग्णांच्या ट्यूमरमधून काढलेल्या पेशी काचेच्या बशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येतात. पीसी-३ या पेशी एका रुग्णाच्या हाडातील गाठीतून आल्या, डीयू-१४५ या मेंदूतील गाठीतून आणि एलएनकॅप या लसिकाग्रंथीतून. जगभरचे संशोधन बव्हंशी अशा पेशींवर चालते.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी १९९४ मध्ये अशा पेशींवर सेरोटोनिनचे ग्राही अडवणारी द्रव्ये वापरली, तेव्हा त्यांची वाढ मंदावली. पुढच्याच वर्षी त्यांनी सेरोटोनिनचे शोषण रोखणाऱ्या औषधांचाही तसाच परिणाम नोंदवला. त्या संदेशाचे मूळ अशाच कुठल्यातरी बातमीत असणार. परंतु बशीतील पेशींवर ओतलेली मात्रा आणि गोळी गिळल्यावर माणसाच्या ट्यूमरपर्यंत पोहोचणारी मात्रा यांत मोठे अंतर असू शकते, हे बातमीत येत नाही.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये रुग्णांच्या ऊतींची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या कुलातील ५-एचटी-१ए आणि ५-एचटी-१बी हे ग्राही अधिक आक्रमक श्रेणीच्या ट्यूमरमध्ये ठळकपणे आढळले. पुढे याच विद्यापीठातील अभ्यासात, सेरोटोनिनमुळे पेशींतील वाढीच्या आणि तगून राहण्याच्या संदेशमार्गांना चालना मिळते असेही दिसले. येथवर कथा सरळ वाटते : सेरोटोनिन वाढ घडवते, ग्राही अडवला की वाढ थांबते.

तथापि २०१७ मध्ये पोर्तुगालमधील ब्रागा येथून एक वेगळा निष्कर्ष आला. कर्करोग नसलेल्या, साध्या वाढीच्या प्रोस्टेट पेशींत सेरोटोनिनने वाढ रोखली, तीही ५-एचटी-१ए आणि ५-एचटी-१बी या त्याच ग्राहींच्या द्वारे. टेस्टोस्टेरॉनचा ग्राही त्याने त्या पेशींत कमी केला होता. म्हणजे किल्ली तीच आणि कुलूपही तेच. परंतु घर बदलले की परिणाम उलटा. निरोगी किंवा साध्या वाढीच्या ऊतीत लगाम घालणारी व्यवस्था कर्करोगात वाढीच्या बाजूने वळत असावी, असा त्याचा एक संभाव्य अर्थ आहे.

गुंतागुंत येथेच संपत नाही. सेरोटोनिन व तत्सम रेणूंचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए नावाचे एक विकर आहे. हे विकर प्रोस्टेट कर्करोगाच्या वाढीला व प्रसाराला हातभार लावते, असे लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये पेशींवर व उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्या विकराला रोखणारे फेनेल्झिन हे नैराश्याचे जुने औषध पुढे रुग्णांवर वापरून पाहिले गेले. मूळ उपचारानंतर केवळ रक्ततपासणीत रोग परतल्याचे दिसणाऱ्या २० रुग्णांची ती लहान चाचणी होती. ११ जणांत पीएसएची पातळी काही प्रमाणात घटली, पण ती निम्म्यावर किंवा त्याखाली आली केवळ दोघांत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय या विकराला रोखले की सेरोटोनिनचे विघटन मंदावते, म्हणजे ते वाढते. तरीही काहींत पीएसए घटला, याचे कारण विकराच्या इतर परिणामांत शोधावे लागते. सेरोटोनिन वाढले की कर्करोग वाढतो, असे एकेरी सूत्र येथे टिकत नाही.

पुराव्याच्या पायऱ्या

‘दि अनटचेबल्स’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी इतिहासकाराच्या कर्तव्याची चर्चा केली आहे. खऱ्यापासून खोटे आणि निश्चितापासून अनिश्चित वेगळे करणे हे ते कर्तव्य. दुवे तुटलेले असतील तेथे तर्क करण्याचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. परंतु तर्काला तर्क म्हणूनच मांडण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी पाळला. वैद्यकशास्त्राची शिस्त याहून वेगळी नाही.

पहिली पायरी बशीतील पेशींची. दुसरी प्राण्यांवरील प्रयोगांची. तिसरी रुग्णांच्या ऊतींत आणि नोंदींत काय आढळते त्याची. चौथी थोड्या रुग्णांवरील चाचणीची. औषध सोसवते का, मात्रा किती असावी, हे तेथे पाहतात. पाचवी पायरी मोठ्या तुलनात्मक चाचणीची. तीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत विभागले जातात, एकाला नवे औषध आणि दुसऱ्याला प्रचलित उपचार मिळतो, आणि अखेर कोण अधिक जगले, कोणाला त्रास कमी झाला, हे मोजले जाते. इंजेक्शनाने टेस्टोस्टेरॉन दाबण्याचा उपचार मोठ्या चाचण्यांतून तावूनसुलाखून निघालेला आहे. कर्करोगाच्या वाढीविरुद्ध सेरोटोनिनचे ग्राही अडवण्याची कल्पना मुख्यतः पहिल्या तीन पायऱ्यांवर आहे. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांच्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासांतूनही एकमुखी निष्कर्ष निघालेला नाही. प्रोस्टेट कर्करोगाची वाढ रोखण्यासाठी सेरोटोनिनच्या ग्राहीवर काम करणारे एकही औषध आज प्रचलित उपचारांत नाही.

संदेश लिहिणाऱ्याने पहिल्या पायरीवरचे वाक्य उचलून थेट पाचवीवर नेऊन ठेवले होते. मधल्या पायऱ्या वगळल्या की अर्धे सत्य तयार होते. आपल्या समाजाला या क्लृप्तीचा परिचय नवा नाही.

आज उपचारात सेरोटोनिनच्या ग्राहींचे स्थान

मग या ग्राहींचा रुग्णाला आज काही उपयोग नाही काय? आहे, आणि तो भक्कम पुराव्यावर उभा आहे. केवळ त्याची जागा वेगळी आहे.

केमोथेरपीच्या काही औषधांमुळे आतड्याच्या अस्तरातील त्याच पेशी दुखावतात, ज्यांत एर्स्पामेर यांना हा पदार्थ प्रथम आढळला होता. त्यांतून सेरोटोनिन बाहेर पडते, जवळच्या चेतातंतूंवरील तिसऱ्या कुलातील ग्राहींचे दार उघडते आणि मेंदूकडे उलटीची सूचना जाते. ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध नेमके हेच दार अडवते. अमेरिकेत १९९१ साली त्याला मान्यता मिळाली. त्यापूर्वी उलट्यांच्या भीतीने उपचार अर्धवट सोडणारे रुग्ण पुष्कळ असत. प्रोस्टेट कर्करोगात डोसिटॅक्सेलसारखी केमोथेरपी देतानाही गरजेनुसार ते वापरतात. ते कर्करोगाला मारत नाही. उपचार सोसण्याचे बळ देते.

दुसरा उपयोग टेस्टोस्टेरॉन दाबल्यामुळे होणाऱ्या त्रासाशी संबंधित आहे. स्त्रियांना पाळी जाताना जशा अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोप मोडते, तसेच या पुरुषांना होते. व्हेनलाफॅक्सिन हे सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन यांच्या शोषणावर काम करणारे नैराश्याचे औषध या वाफा काही अंशी कमी करते. फ्रान्समधील एका तुलनात्मक चाचणीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, संप्रेरक वर्गातील दोन औषधे त्याहून अधिक प्रभावी ठरली; तथापि संप्रेरके टाळायची असतील तेथे हा एक पर्याय उरतो. या उपचारात काही पुरुषांना खरोखर नैराश्य येते आणि त्यावर नैराश्याची औषधे रास्तपणे दिली जातात.

मात्र ही औषधे मनाने घेण्याची नाहीत. फेनेल्झिन आणि फ्लुओक्सेटिन वर्गातील गोळी एकत्र घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. प्लेटलेट्सना सेरोटोनिन मिळेनासे झाल्याने रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. म्हणून बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी अशी गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. ऑन्डॅन्सेट्रॉन, संप्रेरक दाबणारा उपचार आणि नैराश्याच्या काही गोळ्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवरही परिणाम करू शकतात.

त्या वडिलांचे पुढे काय झाले?

विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे गेला. एक खेप चुकल्याने पीएसए वाढला होता. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "बाबा, इंजेक्शन का नकोसे झाले?" बऱ्याच वेळाने उत्तर मिळाले. रात्री-अपरात्री अंग भाजल्यासारखे होई, घामाने अंथरूण भिजे, मन उदास राही. आपण पुरुष राहिलो नाही, असे त्यांना वाटे. हे ना पत्नीला सांगता येई, ना मुलाला. म्हणून इंजेक्शन थांबवण्याचे कारण त्यांना हवेच होते. मोबाईलवरच्या संदेशाने ते पुरवले.

इंजेक्शन पुन्हा सुरू झाले. तपासणी करून डॉक्टरांनी वाफांसाठी एक गोळीही जोडली. ती व्हेनलाफॅक्सिन होती. म्हणजे सेरोटोनिनवर काम करणारी गोळी अखेर वडिलांना मिळालीच. परंतु इंजेक्शनच्या जागी नव्हे, तर इंजेक्शन सोसावे म्हणून. पुढील दोन तपासण्यांत पीएसए खाली आला. रोग गेलेला नाही, तो जाणारही नाही कदाचित. पण आता ते रात्री झोपतात आणि यंदाच्या वर्षावासात ते मुलाच्या शेजारी वाचनाला बसले होते.

या प्रसंगातून मला जे समजले ते असे. चुकीची माहिती माणूस केवळ अज्ञानापोटी स्वीकारत नाही. पुष्कळदा कोणी न विचारलेल्या दुःखापोटी स्वीकारतो. म्हणून ऐकीव गोष्ट पारखण्याची सवय जितकी आवश्यक, तितकेच घरातील वडीलधाऱ्यांना विचारणे आवश्यक.

आपल्या घरातील पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना लघवीची धार बारीक होणे, अडखळणे, लघवीत रक्त येणे किंवा कंबर-पाठीचे न थांबणारे दुखणे असेल, तर लाज न बाळगता मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावे. पीएसएचा आकडा साध्या वाढीत किंवा जंतुसंसर्गातही वाढतो; त्यामुळे केवळ आकड्याने घाबरू नये आणि निदानासाठी डॉक्टर सांगतील त्या पुढील तपासण्या टाळू नयेत. खर्चाची चिंता असेल त्यांनी रुग्णालयात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा तीत समावेश आहे. चालू उपचार कोणत्याही संदेशावरून थांबवू नये. नवी बातमी वाचली तर ती घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि एकच प्रश्न विचारावा : हे बशीतील पेशींत दिसले की माणसांत?

उद्या कदाचित सेरोटोनिनच्या ग्राहीवर काम करणारे, कर्करोगाची वाढ रोखणारे औषध पाचव्या पायरीपर्यंत पोहोचेलही. पोहोचले तर त्याचे स्वागत करू. आपल्या शाळेतून विज्ञान शिकून बाहेर पडलेली एखादी मुलगी त्या संशोधनात असेल, तर या शिक्षकाला अधिक आनंद होईल. तोवर जे सिद्ध आहे ते धरून राहावे आणि जे सिद्ध व्हायचे आहे त्याची उघड्या डोळ्यांनी वाट पाहावी.

नमो बुद्धाय. जय भीम.